मागच्या वेळी किती होतं?

लिफाफा हातात पडला की काका तो तिथेच, काउंटरवर फोडत. चष्मा कपाळावर सरकवायचा, कागद नाकाला लागेल इतका जवळ धरायचा आणि माझ्याकडे न बघताच विचारायचं, "बरं. मागच्या वेळी किती होतं?"

मी तेव्हा खेडला एस.टी. स्टँडजवळच्या एका लॅबमध्ये टेक्निशियन होतो. रक्त काढायचं, तपासायचं, आकडा छापील कागदावर भरायचा, कागद लिफाफ्यात घालून द्यायचा. रोज तीस-चाळीस माणसं येत. त्यातली बहुतेक लिफाफा न उघडताच खिशात किंवा पिशवीत घालत. लिफाफा आपला नाहीच, डॉक्टरांचा आहे, आपण फक्त तो पोचवणारे, असा त्यांचा चेहरा असे. स्वतःच्या अंगातल्या रक्ताचा कागद, पण उघडून बघायची हिंमत नाही. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. कदाचित तुम्हीही तसेच असाल. मीही तसाच होतो.

हे गृहस्थ तसे नव्हते. पोफळीच्या वीजघरात ऑपरेटर म्हणून तीस वर्षं काढून ते निवृत्त झाले होते आणि भरणे नाक्याच्या पुढे गावी घर बांधून बायकोबरोबर राहात होते. साठी ओलांडलेली, अंगाने सडसडीत, पायात कायम कॅनव्हासचे बूट. साखरेचा आजार पंधरा वर्षांचा जुना. मी त्यांना काका म्हणायचो. कोकण रेल्वे नुकतीच सुरू झाली होती तेव्हा ते पहिल्यांदा आमच्याकडे आले, आणि त्याच दिवशी त्यांनी माझी परीक्षा घेतली.

"हा आकडा मशीनने दिलान की तू अंदाजाने लिहिलास?"

"मशीनने दिला, काका."

"मशीन बरोबर चालतं हे कसं समजलं तुला?"

मी त्यांना रोज सकाळी तपासायचा नमुना दाखवला, त्याचा माहीत असलेला आकडा आणि मशीनने दिलेला आकडा दाखवला. त्यांचा चेहरा उजळला. एखाद्या अनोळखी गावात भाऊबंद भेटावा तसे ते माझ्याकडे बघायला लागले.

आकड्यांवर त्यांचा विश्वास होता, पण आंधळा नव्हता. स्टँडवर वजनाचं यंत्र होतं. नाणं टाकलं की दिवे लुकलुकत आणि वजनाचं तिकीट बाहेर येई, मागे भविष्य छापलेलं. एकदा ते लागोपाठ दोनदा त्याच्यावर उभे राहिले आणि दोन्ही तिकिटं घेऊन माझ्याकडे आले. "बघ रे. वजन तेच. पण भविष्य दोन मिनिटांत बदललं. आधी परदेशगमन होतं, आता संततीसुख आहे. तुझ्या काकूला कुठलं सांगू?"

काकू बाहेर बाकावर बसलेल्या असत. त्या फार बोलत नसत. नऊवारीचा पदर खांद्यावरून घट्ट घेतलेला, मांडीवर कापडी पिशवी. काका आत माझ्याशी वाद घालत असताना त्या येणाऱ्या-जाणाऱ्या एस.टी.च्या पाट्या वाचत बसत.

वीजघरात दर तासाला मीटरवरचे आकडे कागदावर उतरवायचं काम त्यांनी आयुष्यभर केलं होतं. ते सांगत, "आकडा घेणं हे काम नाय रे. आकडा घ्यायला काय, माकडसुद्धा शिकेल. मागच्या तासाला किती होता, त्याच्या मागच्या तासाला किती होता, ते बघणं हे काम. तीन वेळा चढला की फोन उचलायचा. तोपर्यंत मर्यादेत असला तरी."

मी हसून मान डोलवायचो. माझ्या कानावर ते पडत होतं. आत शिरत नव्हतं.

त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा वरचेवर सुजायचा. कोकमाच्या फळासारखा लालभडक व्हायचा, पांघरुणाचा स्पर्शही सहन व्हायचा नाही. गावातल्या एका जुन्या डॉक्टरांकडे ते जात. डॉक्टर म्हणजे प्रस्थ होतं. निम्मं गाव त्यांच्या हातावर जन्मलेलं. माणूस वाईट होता असं मी म्हणणार नाही. घरी बोलावलं तर येत, गरिबाला परत पाठवत नसत. पण त्यांना कोणी प्रश्न विचारायचा नसे, आणि इतक्या वर्षांत कोणी विचारलाही नव्हता.

डॉक्टरांनी युरिक ॲसिड तपासायला पाठवलं. वाढलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, मासे बंद, कुळीथ बंद. आणि अंगठा सुजला की दुखणं थांबवायचं इंजेक्शन, वर आठवडाभर त्याच्याच गोळ्या. अंगठा उतरायचा. महिन्या-दीड महिन्याने पुन्हा सुजायचा. पुन्हा इंजेक्शन, पुन्हा गोळ्या.

"सुकट बंद, कुळथाची पिठी बंद," काका चिडून म्हणत. "आता काय जगबुडी नदीचं पाणी पिऊन राहू? आणि सगळं बंद करूनसुद्धा हे युरिक ॲसिड चढतंय कसं? मी खातच नाय, तर येतंय कुठून?"

प्रश्न बरोबर होता. येतंय कुठून याच्याइतकंच ते बाहेर का जात नाही हेही विचारायला हवं होतं. ते लघवीवाटे बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडांचं. पंधरा वर्षं साखर असलेल्या माणसाचं युरिक ॲसिड चढतंय म्हटल्यावर मूत्रपिंडांकडे एक नजर टाकायला नको? ते वाढलं म्हणजे मूत्रपिंडं गेलीच असं नव्हे, हे मलाही कळतं. पण बघायला काय हरकत होती? लघवीतून प्रथिनं जातात का, एवढं तरी? ती तपासणी डॉक्टरांनी एकदाही लिहून दिली नाही. त्यांच्या लेखी युरिक ॲसिड हा पायाच्या अंगठ्याचा आजार होता आणि साखर हा गोड खाण्याचा. दोन्ही एकाच माणसाच्या अंगात आहेत हे जणू त्यांच्या गावीच नव्हतं.

अधूनमधून ते क्रिएटिनिन मात्र तपासायला सांगत. मूत्रपिंडं रक्त किती साफ करतात याचा अंदाज त्यावरून येतो. आमच्या छापील कागदावर त्याच्यापुढे लिहिलेलं असे की एक पॉइंट चारपर्यंत सर्वसाधारण. त्याच्या वर गेलं तर मी पुढे फुली मारायची. काकांचं पहिल्यांदा एक पॉइंट शून्य होतं. मग एक पॉइंट एक. मग एक पॉइंट तीन. मग एक पॉइंट चार. फुली कुठेच नाही.

"आणि हे खालचं काय रे?" काका विचारत.

"ते किडनीचं. नॉर्मल आहे, काका."

मी हे चार वेळा म्हणालो. चारही वेळा आकडा माझ्याच अक्षरात होता.

आमच्या लॅबचे मालक चिपळूणला राहात. आठवड्यातून दोनदा येऊन सह्या करत. त्यांचा नियम होता: आपण आकडा द्यायचा, अर्थ डॉक्टरांनी सांगायचा. पेशंटशी चर्चा करायची नाही. नियम चुकीचा नव्हता. पण असा नियम माणसाला फार सोयीचा असतो. माझ्या टेबलावर नोंदवही होती, मागचे सगळे आकडे तिच्यात होते, आणि ते चढत चाललेत हे मला दिसलं होतं. एका दिवाळीच्या आधी, नोंदवहीची पानं उलटताना, मला ते स्पष्ट दिसलं. मी पान मिटलं आणि पुढचा नमुना मशीनला लावला.

त्यानंतर एक विचित्र गोष्ट घडली. काकांची साखर उतरायला लागली. कधी नव्हे ती छान, पुस्तकात असते तशी. डॉक्टरांनी त्यांची पाठ थोपटली. म्हणाले, आता कसे वठणीवर आलात. काकूंनी बाहेर बाकावर बसून हात जोडले. मीही अभिनंदन केलं.

काका तेवढे खूश नव्हते.

"जेवण तेच आहे," ते म्हणाले. "गोळ्या त्याच. चालणं तर अंगठ्यामुळे कमी झालंय. मग साखर उतरली कशी?"

"चांगलं झालं ना, काका?"

"चांगलं झालं, पण का झालं ते कोणी सांगत नाय. मीटर उगाच खाली आला तर मला त्याची जास्त भीती वाटते."

दोन आठवड्यांनी बाजारात त्यांना दरदरून घाम फुटला, हातपाय कापायला लागले. एका दुकानदाराने त्यांना बसवून साखर घातलेलं पाणी पाजलं म्हणून बरं. साखर अति उतरली होती. डॉक्टर म्हणाले, "उपास केला असाल." त्यांनी उपास केला नव्हता.

याचं कारण मला पुढे कळलं. मूत्रपिंडं थकली की साखरेच्या औषधाचा अंमल आणि शरीरातलं इन्सुलिनही लवकर उतरत नाही. तीच गोळी मग जास्त वेळ काम करत राहते. म्हणजे ज्याच्याबद्दल त्यांची पाठ थोपटली गेली, तो मूत्रपिंडांनी केलेला पुकारा होता. आणि आम्ही सगळ्यांनी मिळून हात जोडले.

त्यानंतरच्या एका सकाळी काका आले ते रक्त द्यायला नव्हे. घरातले सगळे जुने कागद त्यांनी शोधून काढले होते, तारखेने लावले होते आणि गोधडीच्या सुईने काकूंकडून एका कडेला शिवून घेतले होते. ती जाडजूड वही त्यांनी काउंटरवर ठेवली आणि एकेक पान उलटत क्रिएटिनिनच्या आकड्यावर बोट ठेवत गेले. एक शून्य. एक एक. एक तीन. एक चार. शेवटचा कागद पंधरा दिवसांपूर्वीचा होता. एक पॉइंट आठ. पुढे माझी पहिली फुली.

"हे तू बघितलंस?"

"हो."

"आज?"

खोटं बोलता आलं असतं. "गेल्या दिवाळीपासून," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली आणून डोळ्यांवर नीट बसवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते मला चष्म्यातून बघत होते.

"मग मला बोललास का नाय?"

"काका, आम्हाला सांगायची परवानगी नाही."

"परवानगी," ते म्हणाले. मोठ्याने नाही. तो शब्द पहिल्यांदा ऐकल्यासारखा त्यांनी उच्चारला. मग म्हणाले, "अरे, मी तुला चार वेळा विचारलं. तू नॉर्मल म्हणालास. ते सांगायची परवानगी होती?"

माझ्यामागे रक्ताच्या नळ्या फिरवणारं सेंट्रिफ्यूज घरघरत होतं. मी वळून ते बंद केलं आणि नळ्या काढायला लागलो.

ते तिथून थेट डॉक्टरांकडे गेले. तिकडे काय झालं ते त्यांनीच मला संध्याकाळी परत येऊन सांगितलं, मला शिक्षा म्हणूनच बहुधा. डॉक्टरांनी वही हातातसुद्धा घेतली नाही. म्हणाले, "साखर ताब्यात आहे ना? मग हे आकडे कसले मांडत बसलात? रिटायर झालात, वेळ जात नाही तुमचा." आणि अंगठा सुजलेला बघून पुन्हा तेच इंजेक्शन भरायला घेतलं.

"मी म्हटलं, राहू दे," काका म्हणाले. "तीन मिनिटं सुई धरून उभा होता. त्याला कोणी राहू दे म्हणालंच नव्हतं कधी. कागद त्याने बघितलान नुसता, वाचलान नाय. आयुष्यात कधी वाचलान नाय."

काकांची मुलगी डोंबिवलीला दिलेली होती. तिने मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना दाखवलं. त्या डॉक्टरांनी वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. मग विचारलं, दुखण्याच्या गोळ्या किती वर्षं चालू होत्या? लघवीतली प्रथिनं कधीच तपासली नाहीत? रक्तदाबाचं काय? ते म्हणाले, मूत्रपिंडं पूर्ण वाचली असती असं मी सांगणार नाही, साखर जुनी आहे. पण दोन वर्षं आधी आला असतात तर मूत्रपिंडं आणखी बिघडवणाऱ्या त्या गोळ्या बंद केल्या असत्या, दुसरी औषधं सुरू केली असती. वेळ मिळाला असता.

"वेळ म्हणजे किती, विचारलं मी," काका म्हणाले. "ते म्हणाले, काही वर्षं. काही वर्षं, रे! एस.टी. चुकली, दुसरी येईल, इतक्या सहज म्हणाले."

तुम्हाला वाटेल, यानंतर ते घरी बसले असतील. ते आमच्या बाकावर येऊन बसले.

मंगळवारी आणि शुक्रवारी, बाजारहाटाला आसपासच्या वाड्यांतली माणसं खेडात येत त्या दिवशी, ते सकाळी नऊला हजर. हातात सुई, दोऱ्याचं रीळ. साखरेचा माणूस दिसला की त्याला शेजारी बसवायचं, पिशवीतले चुरगळलेले कागद बाहेर काढायला लावायचे, तारखेने लावून शिवून द्यायचे. औषध ते कधी सांगत नसत. एवढंच सांगत, "डॉक्टरांना विचार, हा आकडा मागच्यापेक्षा वाढलाय का. आणि वाढला असेल तर का. एवढं विचारायला घाबरू नको. आपण चोरी नाय करत." कोणी म्हणे, मी अडाणी, मला काय कळतं? त्यावर ते भडकत. "भाताचं पीक मागच्या वर्षी किती आलं ते कळतं ना? मग हेसुद्धा कळतं!"

एका मंगळवारी कातळावरच्या एका वाडीतून एक बाई आली. पंचेचाळिशीची असेल. नवरा मुंबईला कामाला, शेती ती एकटी बघायची. साखर होती, गुडघे दुखायचे. काकांनी तिच्या पावलावर बोट दाबलं. बोट काढल्यावर खळगा तसाच राहिला.

"गोळ्या कसल्या खातेस गो?"

तिने कमरेच्या पिशवीतून एक पाकीट काढलं. दुखण्याच्या गोळ्या, दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या. "सकाळी एक, दुपारी एक. खाल्ली तर लावणी होते. नाय खाल्ली तर बांधावर बसायचं. मंग शेत कोन लावनार, तुमी?"

"किती वर्षं?"

"चार पावसाळं झालं."

काका उठून आत आले. "हिची लघवी तपास," ते मला म्हणाले. "चिठ्ठीत नाय लिहिलेलं, मला माहीत आहे. तरी तपास."

मी तपासली. प्रथिनं भरपूर होती. या वेळी मी तोंड उघडलं. तिला बाहेर जाऊन सांगितलं की लघवीतून प्रथिनं जातायत, हे बरं नाही, तुम्हाला मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना दाखवायला हवं आणि या गोळ्यांबद्दल विचारायला हवं. माझ्या नोकरीतलं ते पहिलं पूर्ण वाक्य असावं.

ती त्याच जुन्या डॉक्टरांची पेशंट निघाली. तिने जाऊन विचारलं. मग डॉक्टरांचा आमच्या मालकांना फोन. तुमच्या लॅबच्या दारात एक म्हातारा बसून माझे पेशंट बिथरवतो, तुमचा टेक्निशियन डॉक्टरकी करतो. हे बंद झालं नाही तर माझी एकही चिठ्ठी यापुढे तुमच्याकडे येणार नाही.

मालक चिपळूणहून त्याच दुपारी आले. काका बाकावरच होते.

"आजोबा, इथे बसायचं नाही उद्यापासून," मालक म्हणाले. "तपासणीला या, जरूर या. पण हे धंदे नकोत."

काकांनी दोरा दातांनी तोडला, सुई रिळात खोचली. "त्या बाईच्या लघवीत प्रथिनं आहेत की नाय?" त्यांनी विचारलं.

"तो प्रश्नच नाही."

"मग कुठला प्रश्न आहे?"

मालक आत जाऊन सह्या करायला बसले. काका उठले, बाक हाताने झटकला आणि समोर रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसले. पुढच्या शुक्रवारी ते तिथेच होते, सुई-दोरा घेऊन. टपरीवाला त्यांना बिनसाखरेचा चहा द्यायचा आणि त्यांच्यासाठी एक खुर्ची वेगळी ठेवायचा. रस्ता काही आमच्या मालकांचा नव्हता.

मी नोकरी सोडली नाही. सोडायला हवी होती असं काही दिवस वाटायचं. मी एवढंच केलं की प्रत्येक कागदावर आकड्याखाली पेन्सिलने मागचा आकडा लिहायला लागलो. बारीक, पण वाचता येईल असा. मालकांनी खडसावलं. मी खोडलं नाही. त्यांनाही दुसरा टेक्निशियन लगेच मिळणार नव्हता.

त्या बाईला तिच्या नवऱ्याने मुंबईला नेलं. त्याच रुग्णालयात, काकांनी कागदावर पत्ता लिहून दिला होता. तिच्या दुखण्याच्या गोळ्या बंद झाल्या, दुसरी औषधं सुरू झाली. सहा महिन्यांनी ती तपासणीला आली तेव्हा क्रिएटिनिन होतं तिथेच थांबलं होतं. गुडघे दुखत होतेच. तिने अर्धं शेत पड टाकलं होतं आणि त्याबद्दल ती काकांवर रागावलेली होती. काकांनी तिची बोलणी निमूट ऐकून घेतली. ती गेल्यावर म्हणाले, "रागावायला जिवंत आहे. पुरे."

त्यांचे स्वतःचे आकडे मात्र चढतच गेले. दोन पॉइंट सहा. तीन पॉइंट नऊ. अंगाला खाज, तोंडाला चव नाही, जिना चढताना धाप. आता ते मागचा आकडा विचारत नसत, कागद घडी करून खिशात घालत. तेच मला बघवत नसे. पाच पॉइंट आठ झालं तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी डायलिसिस सांगितलं. खेडात तेव्हा ती सोय नव्हती. आठवड्यातून दोनदा जायचं तर डोंबिवलीला मुलीकडेच राहायला हवं होतं.

मी स्टेशनवर सोडायला गेलो. पाय इतके सुजले होते की कॅनव्हासचे बूट चढले नाहीत. रबरी सपाता घालून ते बाकावर बसले होते. काकू सामानापाशी उभ्या. गाडीला उशीर होता.

"तुझा राग नाय मला," ते अचानक म्हणाले.

मी म्हणालो, "असायला हवा, काका."

त्यांनी थोडा विचार केला. "हां. थोडा आहे," ते म्हणाले. "पण तू आता बोलतोस. तो डॉक्टर अजून बोलत नाय."

गाडी आली. न्यायला आलेल्या जावयाने त्यांना धरून चढवलं. त्यांनी खिडकीतून हात केला नाही, कारण खिडकीची जागा दुसऱ्या कोणाची होती.

डायलिसिसवर ते वर्षभर राहिले. हाताला दर वेळी दोन जाड सुया, चार तास पडून राहायचं, पाणी मोजून प्यायचं. एकदा फोनवर म्हणाले, "मशीन चांगलं आहे रे. सगळे आकडे समोर दिसतात." त्यांच्या आवाजात इतकं समाधान होतं की मला फोन ठेवावासा वाटला. पावसाळ्यानंतर त्यांना छातीत संसर्ग झाला आणि चार दिवसांत ते गेले.

दहाव्या-बाराव्याला काकू गावी आल्या. मी तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी गेलो. पडवीत सात-आठ माणसं होती. मी टेकतो न टेकतो तोच डॉक्टर आले. सगळे उठून उभे राहिले, त्यांना खुर्ची दिली गेली. त्यांनी हात जोडले. मग उसासा टाकून म्हणाले, "चालायचंच. साखर म्हटली की किडनी कधीतरी जायचीच. आपल्या हातात काय असतं?"

दोघातिघांनी मान डोलवली.

"दिसत होतं, डॉक्टर," मी म्हणालो. "दोन वर्षं दिसत होतं. कागदावर होतं. ते वही घेऊन आले तेव्हा तुम्ही ती उघडली नाहीत. आपल्या हातात काय असतं म्हणता? सुई होती. तुमच्या हातात सुई होती."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. ते रागावतील असं मला वाटलं, पण ते नुसते म्हाताऱ्यासारखे दिसले. "अरे, तू टेक्निशियन," ते म्हणाले, "तुला यातलं—"

"डॉक्टर," काकू म्हणाल्या.

त्या माजघराच्या दारात उभ्या होत्या. हातात तांब्या होता, पाहुण्यांना पाणी द्यायला आणलेला. इतक्या वर्षांत मी त्यांचा आवाज फार तर दहा वेळा ऐकला असेन.

"तुम्ही आता घरी जा," त्या म्हणाल्या.

चढा आवाज नाही, रडणं नाही. डॉक्टर उठले. पायरीखाली सगळ्यांच्या चपला एकावर एक पडल्या होत्या. त्यांना त्यांच्या सापडेनात. एरवी चार माणसं धावली असती. त्या दिवशी कोणी वाकलं नाही. बराच वेळ चपला पायाने चाचपत ते खाली उभे राहिले, मग मिळाल्या तशा पायात सरकवून, आवाराच्या चिऱ्यांच्या गडग्याशेजारून निघून गेले.

मीही उठलो. आता मलाही सांगतील, असं वाटून मी काकूंच्या तोंडाकडे बघत होतो.

त्यांनी तांब्या माझ्यापुढे ठेवला. "तू बस," त्या म्हणाल्या.

मी बसलो, पाणी प्यायलो. मला डॉक्टरांचा राग आजही येतो, त्यांचं नाव निघालं की येतो. पण त्या पडवीत मला बस म्हणायचं काकूंना काही कारण नव्हतं. चार वेळा नॉर्मल म्हणालो होतो ते मीच.